न भाजलेलं नाव

पाचव्याला त्याच्या खऱ्या नावानं हाक मारणारं माणूस आता कुणी उरलं नव्हतं, आणि त्याबद्दल त्याची तक्रारही नव्हती. तो जन्मला त्या वर्षी राजवाड्यात मुलगा झाला होता. देशभरातल्या आयांनी आपापल्या पोरांना तेच नाव चिकटवलं. सहा वर्षांनी हे सगळं पीक शाळेत आलं, तेव्हा एका वर्गात एकाच नावाचे आठ निघाले. बाईंनी दोन दिवस कळ काढली. तिसऱ्या दिवशी त्यांनी खिडकीकडून मोजायला सुरुवात केली आणि आकडे वाटून टाकले. हा पाचवा.

पुढे शाळा सुटली, बाई गेल्या, राजपुत्राचा राजा झाला, पण हा पाचवाच राहिला. बायको ‘अहो’ म्हणायची, म्हणजे घरातही नावाचा प्रश्न आपसूक मिटला होता. कारखान्यात त्याला अदबीनं पाचवेकाका म्हणत, जसं काही ते आडनावच.

आणि हा माणूस पोटासाठी काय करत होता, तर नावं लिहीत होता. चाळीस वर्षं, चिनी मातीच्या कपांवर. कप चकतीवर ठेवायचा, डाव्या हातानं चकती फिरवायची, उजव्या हाताची करंगळी कपाच्या पोटाला टेकवायची, श्वास धरायचा आणि अक्षर ओढायचं. अक्षर पुरं झाल्यावर श्वास सोडायचा. लांब नावांच्या लोकांवर त्याचा राग होता तो यामुळंच.

सोन्याचा रंग बाटलीत असतो तेव्हा सोन्यासारखा दिसत नाही. औषधासारखा मळकट तपकिरी दिसतो. भट्टीत गेल्यावरच तो उजळतो. भट्टीत जाण्याआधी टर्पेंटाईनच्या बोळ्यानं एका हातात पुसला जातो. भट्टीतून बाहेर आल्यावर डोकं आपटलं तरी पुसत नाही. म्हणून कारखान्यात एक शब्द होता, ‘भाजलं’. एखाद्याचं लग्न ठरलं की विचारत, भाजलं का? म्हणजे आता माघार नाही ना?

त्या आठवड्यात दोन मुली जन्मल्या. गुरुवारी पाचव्याच्या मुलीला मुलगी झाली आणि रविवारी राजाच्या सुनेला.

सोमवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत तो दवाखान्यात गेला. मुलगी उशीला टेकून बसली होती. शेजारच्या पाळण्यात नात मुठी आवळून, कपाळाला आठ्या घालून झोपली होती. पाचवा पाळण्यात वाकून बघतच राहिला.

“बाबा, बसा तरी,” मुलगी म्हणाली. “जाणार नाहीये ती कुठं.”

“आठ्या तुझ्या आईच्या आहेत.”

“तेच सांगायचं होतं. आईचंच नाव ठेवायचं ठरवलंय आम्ही. यांनाही आवडलंय.”

पाचव्याच्या बायकोला जाऊन दोन वर्षं झाली होती. तिचं नाव तीन अक्षरांचं, जुन्या वळणाचं. मधल्या अक्षराचं पोट गोल, शेवटच्याचा पाय थोडा लांब. घरात ते कुणी घेत नव्हतं, कारण घेणारं कुणी नव्हतं. लेकीसाठी ती आई होती आणि याच्यासाठी ‘अगं’. पाचव्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“फक्त एक आहे,” मुलगी म्हणाली. “राजवाड्यातही मुलगी झालीय. त्यांनी हेच ठेवलं तर मी नाही ठेवणार.”

“ते कशाला ठेवतायत? जुनं झालं ते नाव.”

“राजाच्या पणजीचं होतं. मी बघितलंय पुस्तकात.”

“पणजी कुणाच्या लक्षात असते?”

“नसू दे. पण तुमचं काय झालं ते मी बघितलंय ना बाबा. माझ्या पोरीला उद्या शाळेत कुणी ‘सहावी’ म्हणालेलं मला नाही चालणार. आणि मी कितीही घसा फोडून सांगितलं, आईचं आहे म्हणून, तरी लोक म्हणणार, राजवाड्याचं बघून ठेवलं. अर्ज मी कोरा ठेवलाय. पुढच्या सोमवारी त्यांचं जाहीर झालं, की मग भरू.”

राजघराण्याची रीत अशी होती, की जन्मानंतर आठव्या दिवशी सकाळी दहा वाजता राजवाड्याच्या पायऱ्यांवरून नाव जाहीर व्हायचं. तोवर आतलं माणूस तोंड उघडायचं नाही, आणि बाहेरचं एकही माणूस तोंड बंद ठेवायचं नाही. न्हाव्याच्या दुकानात, बसच्या रांगेत, दातांच्या डॉक्टरकडं, जिथं तोंड उघडं राहतं तिथंसुद्धा, लोक अंदाज बांधायचे.

कारखान्यात त्यासाठी एक तोटी तुटलेली किटली होती. राजवाड्यात मूल झालं की प्रत्येकानं चिठ्ठीवर नाव लिहून किटलीत टाकायचं. ज्याचं बरोबर येईल त्याला त्या नावाचा पहिला कप. गेल्या तीस वर्षांत दोनदा किटली बाहेर निघाली होती आणि दोन्ही वेळा कप पाचव्याच्या घरी गेला होता. तेव्हापासून त्याला कळतं असं सगळे धरून चालत. खरं म्हणजे दोन्ही वेळा त्यानं घरी जाऊन बायकोला विचारलं होतं. तिनं चुलीवरून मागं न बघता नाव सांगितलं होतं, आणि वर म्हणाली होती, “यात काय एवढं? आईला काय वाटत असेल त्याचा विचार करायचा. राजाचा नाही.” हे त्यानं कारखान्यात कधी सांगितलं नाही. मान मिळत होता, तो घेतला.

तर त्या सोमवारी दवाखान्यातून परत आल्यावर त्याला सोन्याची नवी बाटली तपासायची होती. नवी बाटली आली की एक कप लिहायचा आणि चाचणीच्या छोट्या भट्टीत घालायचा; सोनं लालसर झाक मारतं का बघायचं. काय लिहायचं याला नियम नव्हता. कुणी ‘चाचणी’ लिहायचं, कुणी शिवी. पाचव्यानं राजचिन्ह छापलेला कप चकतीवर ठेवला. मनात आलं, या वेळी ती काय म्हणाली असती? चकती फिरली, करंगळी टेकली, आणि हातानं तीन अक्षरं ओढली. मधल्याचं पोट गोल. शेवटच्याचा पाय थोडा लांब. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं ते नाव कपावर लिहिलं होतं. त्यानं श्वास सोडला, कप छोट्या भट्टीत ठेवला आणि हात धुऊन घरी गेला.

मंगळवारी सकाळी तो आला, तेव्हा मालकीणबाई त्याच्या टेबलाशी उभ्या होत्या आणि तो कप त्यांच्या हातात चमकत होता. मालकीणबाई म्हणजे जुन्या मालकांची मुलगी. फ्रॉक घालायची तेव्हापासून पाचव्याच्या चकतीवर बोटं काळी करत आलेली.

“काका! एवढं ठरवून बसलात आणि चिठ्ठी टाकली नाहीत?”

“अहो बाई, ते नुसतं...”

“नुसतं काय? राजाच्या पणजीचं नाव! सगळे पेपर आत्याच्या आणि आजीच्या मागं लागलेत, आणि पणजी कुणाच्या डोक्यातच नाही. तुम्ही म्हणजे तुम्हीच.”

“बाई, मी सोनं बघत होतो.”

“सोनंच आहे हे!” बाई म्हणाल्या आणि कप उंच धरून सगळ्यांना दाखवला. मग आवाज खाली आणला. “ऐका. दर वेळी आपण जाहीर व्हायची वाट बघतो, आणि आपण कुंचला उचलतोय तोवर नदीपलीकडचा मोठा कारखाना मशिनवर छापून मोकळा होतो. या वेळी आपण आधी लिहायचं. तीनशे कप. शनिवारी भट्टी लावायची. सोमवारी दहाला नाव जाहीर, साडेदहाला आपले कप राजवाड्यासमोरच्या दुकानात.”

तेव्हाच बोलून टाकायला हवं होतं. बाई, हे माझ्या बायकोचं नाव आहे. सहा शब्दांचं काम. पण मागं अख्खा कारखाना माना वर करून बघत होता, दोन वेळचा मान डोक्यावर होता, आणि बायकोचं नाव एवढ्या लोकांसमोर घ्यायला जीभ वळेना. तो “हं” म्हणाला. बाईंनी त्या ‘हं’चा अर्थ आपल्याला हवा तसा लावला.

मग तो लिहीत बसला. मंगळवार, बुधवार, गुरुवार. एकामागून एक तेच नाव, तपकिरी, ओलं. पहिल्या वीस कपांना तो प्रत्येक अक्षराशी थांबला. पुढं पुढं इतका सरावला, की आपण कुणाचं नाव लिहितोय हे तो तास तास विसरू लागला, आणि आठवलं की चकती थांबवून बसू लागला. फळीवर कपांच्या रांगा वाढत होत्या. जिला घरात कधी नावानं हाक मारली गेली नाही, तिचं नाव ओळीनं मांडलेलं. शाळेतला वर्ग आठवून तो फळीच्या टोकाकडून मोजायला लागला. पहिली, दुसरी, तिसरी, चौथी.

इकडं बातमीला पाय फुटले. मालकीणबाई न्हाव्याच्या बायकोला बोलल्या, फक्त तिलाच. गुरुवारी पाचवा केस कापायला गेला, तर न्हावी कात्री थांबवून म्हणाला, “काका, कुणाला सांगू नका, पण पणजीचं नाव ठेवणार आहेत. अगदी आतली बातमी आहे.”

“कुणी सांगितलं?”

“आता ते विचारू नका.”

शुक्रवारी पेपरात आलं : जाणकारांच्या मते बालराजकन्येला पणजीच्या आईचं नाव देण्याचा विचार असल्याचे समजते. पेपरवाल्यांनी नात्यातही गोंधळ घातला होता, पण नाव बरोबर छापलं होतं. पाचव्यानं ते तीनदा वाचलं. जाणकार. त्यानं बोटांकडं पाहिलं. नखांच्या कडांत सोनं वाळलं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी तीनशे पुरे झाले. तो भट्टीवाल्याकडं गेला. भट्टीवाला शाळेत त्याच्याच वर्गात तिसरा होता, पण भट्टीच्या धगीत त्याचा आकडा वितळून गेला आणि तो नुसता भट्टीवाला उरला.

“उद्या भट्टी लावू नकोस,” पाचवा म्हणाला.

“का रे? सोनं वाळलं नाही?”

“वाळलंय.”

“मग?”

पाचवा दारातल्या विटांच्या ढिगाकडं बघत राहिला. “भाजलं की संपलं बघ. मग ते सगळ्यांचं.”

भट्टीवाल्यानं कपांच्या रांगांकडं पाहिलं. मग नाव वाचलं. तो पाचव्याच्या लग्नात जेवला होता.

“अरे गाढवा,” तो हळूच म्हणाला.

शनिवारी मालकीणबाई आल्या तेव्हा भट्टीच्या दाराची एक वीट तडकलेली होती. अगदी मधोमध, छिन्नी मारल्यासारखी.

“ही आजच तडकायची होती?” बाईंचा आवाज चढला. “बदला लगेच!”

“बदलतो की. पण जोडाचा गारा वाळायला दोन दिवस. ओल्यावर आच दिली तर दार बसेल, कपांसकट.”

“म्हणजे सोमवारी सकाळी आपण काय घेऊन जायचं? हात हलवत?”

“मी काय करू बाई? वीट काय मला विचारून तडकते?”

बाई त्या विटेला, विटा देणाऱ्याला आणि आपल्या नशिबाला बराच वेळ बोलत राहिल्या. पाचवा फळीशी उभा राहून ऐकत होता. एकेक शब्द आपल्याच पाठीवर पडतोय असं त्याला वाटत होतं. नाव खरं ठरलं तर बाईंची सगळी मेहनत आपण पाण्यात घातली. खोटं ठरलं तर मान गेला. आणि त्याचा सगळा जीव आत बसून म्हणत होता, खोटं ठरू दे.

रविवारी तो मुलीच्या घरी गेला. ती दवाखान्यातून परत आली होती. खोलीभर धुतलेले लंगोट वाळत होते आणि जावई दोरीखालून वाकून वाकून चालत होता.

“ऐकलंत ना बाबा?” मुलगी म्हणाली. तिचे डोळे सुजलेले होते. “आईचंच ठेवतायत. सगळीकडं तेच चाललंय. खालच्या मजल्यावरच्या बाईंचं बाळ अजून पोटातच आहे, त्यांनी आत्ताच ठरवून टाकलं तेच नाव.”

“लोक काय, काहीही बोलतात.”

“पेपरात आलंय. जाणकार म्हणतायत.”

जाणकार पाळण्याची दोरी धरून बसला. नात जागी होती. आठ्या घालून त्याच्याकडं बघत होती, जणू सगळं कळल्यासारखी.

“मी दुसरं शोधायला घेतलंय,” मुलगी म्हणाली. “सापडत नाहीये. हिच्याकडं बघितलं की तेच तोंडात येतं.”

पाचव्याच्या ओठाशी आलं होतं. पण काय सांगणार? की हे सगळं माझ्याच हातून सुरू झालं? की तुझ्या आईचं नाव मीच वाऱ्यावर सोडलं? तो म्हणाला, “उद्या दहापर्यंत थांब.”

सोमवारी दहा वाजता सगळा कारखाना रेडिओभोवती जमला. मालकीणबाई खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या. भट्टीवाला दारात. पाचवा आपल्या टेबलाशी, चकतीवर हात ठेवून, रेडिओकडं पाठ करून.

राजघराण्यात मुलाला चार नावं ठेवतात आणि पहिलं हाक मारायचं असतं. पायऱ्यांवरच्या माणसानं घसा साफ केला. खूप वेळ केला. मग पहिलं नाव आलं.

ते पणजीचं नव्हतं. आत्याचं नव्हतं, आजीचंही नव्हतं. घराण्यात कुणाचंच नव्हतं. नंतर कळलं, की ते बाळाच्या आईच्या आईचं होतं. ती एका लहान गावात शाळेत शिकवायची आणि लेकीच्या लग्नाच्या आधीच वारली होती. आईला काय वाटत असेल, त्याचा विचार करायचा. पाचव्याला चुलीपाशी वळलेली पाठ दिसली.

पण अजून तीन नावं होती. दुसरं आलं, लांबलचक. कुठल्या तरी काकाचं स्त्रीरूप. तिसरं आलं, आत्याचं. चौथ्याआधी तो माणूस खोकला. पाचव्यानं श्वास धरला, अक्षर ओढताना धरतो तसा. चौथं आजीचं निघालं. वाद्यं वाजायला लागली.

पाचव्यानं श्वास सोडला. तो इतका जोरात सुटला, की भट्टीवाला दारातून म्हणाला, “टायर फुटला काय रे?”

कुणी हसलं नाही. सगळे मालकीणबाईंकडं बघत होते. बाई तीनशे कपांकडं बघत होत्या. मग त्या हळूहळू भट्टीकडं वळल्या, त्या तडकलेल्या विटेकडं, आणि त्यांचे डोळे मोठे झाले.

“भाजलेले नाहीत,” त्या म्हणाल्या. “अहो, हे भाजलेलेच नाहीत! काका, ती वीट... परवा भट्टी लागली असती तर तीनशे कप फेकायला लागले असते!” त्या एकदम खुर्चीत बसल्या आणि डोळे पुसत हसायला लागल्या. “बोळे आणा रे. टर्पेंटाईन आणा. सगळं पुसा आणि नवं लिहा!”

“मी पुसतो,” पाचवा म्हणाला. “एकटाच पुसतो. तुम्ही नवं सोनं ढवळा.”

त्यानं बोळा बुडवला आणि पहिला कप उचलला. त्याला वाटलं होतं, हे अवघड जाईल. तिचं नाव आपल्याच हातानं पुसायचं, तेही तीनशे वेळा. पण पहिलाच कप स्वच्छ पांढरा झाला, आणि त्याला जाणवलं, की नाव नाहीसं होत नाहीये. ते परत येतंय. बाजारातून, पेपरातून, न्हाव्याच्या दुकानातून, खालच्या मजल्यावरच्या बाईच्या पोटावरून उठून एकेक नाव घरी परत येत होतं, मुक्कामाला. पन्नासाव्या कपापाशी तो गुणगुणत होता. शंभराव्यापाशी मालकीणबाई त्याच्या समोर येऊन बसल्या.

“काका, तुम्ही एवढे खूश का आहात? तुमचा अंदाज चुकलाय.”

त्यानं बोळा खाली ठेवला. “बाई, तो अंदाज नव्हता. ते आमच्या हिचं नाव आहे. नातीचं ठेवायचं होतं. त्या दिवशी हातातून उतरलं, आणि तुम्ही...” मग त्यानं विटेचंही सांगितलं.

फ्रॉकमधली मुलगी रागवायची तशा बाईंच्या नाकपुड्या फुगल्या. मग त्या उठल्या, टेबलावरचा चाचणीचा कप उचलला, जुन्या पेपरात गुंडाळला आणि त्याच्यापुढं आदळला.

“हा न्या घरी. आणि काकूंचं नाव काय होतं ते मला चाळीस वर्षांत सांगितलं नाहीत, याचा हिशोब आपण नंतर करू. आधी तीनशे लिहून द्या. आणि त्या भट्टीवाल्याला सांगा, वीट त्याच्याच डोक्यावर ठेवणार आहे मी.”

तीनशे कप शनिवारी दुकानात गेले आणि बऱ्यापैकी खपले. दोन दिवसांनी नदीपलीकडची बातमी आली. मोठ्या कारखान्यानं पेपरातल्या जाणकारांवर विसंबून मशिनवर दोन हजार कप छापले होते, आणि ते चांगले खरपूस भाजले होते. भट्टीवाला ते ऐकून पोट धरून हसला. पाचवा हसला नाही. दोन हजार कपांवर तिचं नाव, आणि तेही भाजलेलं.

पुढच्या आठवड्यात तो जावयाबरोबर नोंदणीच्या कचेरीत गेला. अर्ज भरलेला होता. खिडकीमागचा कारकून चहा पीत होता. त्याच्या हातातल्या कपावर राजचिन्ह होतं आणि खाली छापील सोन्यात पाचव्याच्या बायकोचं नाव. मधल्या अक्षराचं पोट चपटं होतं. शेवटच्याचा पाय भलताच आखूड.

“हा कप कुठून आणलात?” पाचव्यानं विचारलं.

“सगळ्या कचेरीला आलेत. कारखानदार वाटतोय म्हणे. नाव चुकलंय ना त्याचं.” कारकुनानं अर्ज ओढून घेतला, वाचला, कपाकडं पाहिलं, पुन्हा अर्जाकडं पाहिलं. “काका, हे तर ते नाव. पण राजवाड्यानं नाही ठेवलं हे.”

“नाही ठेवलं,” पाचवा म्हणाला. त्याला ते पुन्हा म्हणावंसं वाटलं, म्हणून तो म्हणाला, “नाहीच ठेवलं.”

“मग तुम्ही का ठेवताय?”

“आमचं आधीपासूनचं आहे.”

कारकून खांदे उडवून लिहायला लागला. जाडजूड वही, उजवीकडं नावांचा रकाना. “आज सकाळपासून राजकन्येच्या नावाच्या चौदा लिहिल्यात,” तो पुटपुटला. “हात दुखून गेला तेच तेच लिहून. पुढं शाळेत बाईंनी काय करावं देव जाणे.” त्यानं मागची पानं चाळली, बोट खाली नेत नेत. “तुमच्या नावाची अजून कुणीच नाही. या वर्षातली ही पहिलीच.”

“काय म्हणालात?”

“पहिली,” कारकून जरा मोठ्यानं म्हणाला. त्याला वाटलं, म्हाताऱ्याला ऐकू कमी येतं.